‘हे हसतच नाहीत हो!’

‘आजार कळल्यापासून हे पार बदललेत. बोलत नाहीत, हसत नाहीत. माझं काही चुकतंय का?’ घरात दीर्घ आजार आला की हा प्रश्न हमखास माझ्यापर्यंत येतो. इंदूरच्याच एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

काका बँकेतून निवृत्त झालेले. पार्किन्सनचं निदान होऊन वर्ष उलटलेलं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्यावर सर्वांत आधी हजर असणारा हा माणूस आता घराबाहेर पडेना. पण काकूंचं दुखणं वेगळंच होतं. ‘नातीचा पहिला नंबर आला. तिनं फोनवर ओरडून सांगितलं. ह्यांचा चेहरा ढिम्म! मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.’

मी काकांना विचारलं, तेव्हा काय वाटलं होतं? ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, ‘आनंद झाला. हसलो की मी.’

काकू बघतच राहिल्या.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं आणि हालचाली मंदावतात. हाताचा कंप सगळ्यांना दिसतो. पण चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, पापण्या कमी लवतात, आवाज खाली जातो, अक्षर बारीक होत जातं, हे घरच्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. मग बायको चेहरा वाचते आणि त्यात रुसवा शोधते.

अर्थात सगळंच आजारावर ढकलून चालत नाही. शर्टाच्या बटणांचंच घ्या. काका एकेका बटणाशी झटत असायचे, काकूंना ते बघवायचं नाही आणि त्या पटापट बटणं लावून मोकळ्या व्हायच्या. काका गप्प. तो मात्र खरा राग होता. मी सुचवलं, काकांनी मागितल्याशिवाय मदत करायची नाही, घाई असेल तर त्यांनी सरळ कुर्ता घालावा. आणि काकांनी आनंद, राग, कंटाळा, जे असेल ते तोंडाने सांगायचं. महत्त्वाचं बोलणं गोळीचा असर असताना करायचं, असर उतरल्यावर नाही. आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं.

एक गोष्ट मी न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घालायला लावली: काकांची झोप उडणं आणि त्यांचं कशातच मन न रमणं. पार्किन्सनमध्ये नैराश्य बऱ्याच जणांना येतं, ते आजाराचाच भाग असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ‘वयामुळे होतं’ म्हणून लोक ते सोडून देतात, याचा मला राग येतो.

काकूंनी सोडलेलं भजनी मंडळ परत धरलं. त्या वेळात भाचा घरी येऊन बसतो. काका अजून पोह्यांच्या ठेल्यावर जात नाहीत, प्लेट धरलेला हात लोकांना दिसतो म्हणून. काकू पार्सल आणतात. पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जीरावन, कमी पडलं की काका आता तसं मोठ्यांदा सांगतात, आणि त्यावरून दोघांचं वाजतंही.