टी-स्कोअर ६३, रेल्वेला हवा ४२: मग मुलगी पास की नापास?

प्रश्न: मुलीने इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून आयटीआय केलं. असिस्टंट लोको पायलटची तयारी करतेय. एका खासगी केंद्रात तिची लक्ष टिकवण्याची कॉनर्स चाचणी झाली. 'सुटलेली अक्षरं' यापुढे टी-स्कोअर ६३ आहे. रेल्वेला ४२ पुरतो म्हणतात, पण त्या केंद्रातले समुपदेशक म्हणाले, हा नाद सोडा. काय करावं? – एक पालक, भुसावळ

उत्तर: नमस्कार. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहूच नका. कॉनर्समध्ये १४ मिनिटं पडद्यावर एकेक अक्षर येतं आणि एक्स सोडून प्रत्येकाला बटण दाबायचं असतं. इथला स्कोअर चुकांचा, म्हणजे जितका जास्त तितका वाईट. टी-स्कोअर म्हणजे इतरांच्या तुलनेत काढलेला गुण. त्यात ५० ही सरासरी, त्यामुळे ६३ची दखल घ्यायला हवी. रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेच्या चाचण्यांत मात्र स्कोअर जास्त तितका चांगला. तिथे एकाग्रतेसकट प्रत्येक चाचणीत किमान ४२ लागतो. एकीत जरी कमी पडला तरी उमेदवार बाद, आणि आरक्षित प्रवर्गालाही यात सूट नाही.

अहवालात वेळेनुसार सहा टप्पे दिलेले असतात, ते काढून बघा. अक्षरं शेवटच्या टप्प्यांत सुटली असतील तर ती थकलेली असू शकते. आदल्या रात्री किती झोपली होती, हे तिलाच विचारा. मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घड्याळाचा काटा मधूनच दुप्पट उडी मारायचा आणि ती उडी दोन तास टिपत राहायची होती. पहिल्या अर्ध्या तासातच भल्याभल्यांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. पहिल्या टप्प्यापासूनच अक्षरं सुटली असतील आणि शाळेपासून विसरलेली वही, हरवलेला डबा, अर्धवट राहिलेला पेपर अशा तक्रारी असतील, तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा. ते तिच्याशी आणि तुमच्याशी बोलून ठरवतील. नुसत्या पडद्यावरच्या चाचणीवरून लक्ष न टिकण्याच्या विकाराचं निदान होत नाही, आणि एवढ्यावरून एका मुलीची वाट बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी या नोकरीत रात्रीच्या वेळी एकामागून एक सिग्नल न चुकता वाचावे लागतात, म्हणून शंका असेल तर ती आत्ताच फिटू द्या. फॉर्म मात्र भराच. आणि पत्रात तिच्या डोळ्यांविषयी काहीच नाही. मेडिकलला ए-१ श्रेणी लागते, म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६. लॅसिक केलेलं चालत नाही. क्लासची फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या.