बसलं की डोकं दुखतं

प्रश्न : सिझरनंतर दुसऱ्या दिवसापासून सुनेला उठून बसलं की डोकं असह्य दुखतं, आडवं झालं की थांबतं. पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे का?

उत्तर : बहुधा हो. सुईमुळे मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याला पडलेल्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतं आणि बसताच मेंदूभोवतीचा दाब उतरतो. 25 किंवा 27 नंबरच्या (म्हणजे बारीक), पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईने हा त्रास कमी होतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, थोडी कॉफी एवढ्यावर बहुतेकींना आठवड्याभरात बरं वाटतं. नाहीच थांबलं, तर भूलतज्ज्ञ तिच्याच हातातून काढलेलं 15-20 मिली रक्त पाठीत त्या पडद्याबाहेर सोडतात, गळती थांबते. ‘बाळंतिणीचं डोकं दुखायचंच’ म्हणून अंगावर मात्र काढू नका. ताप, ताठ मान, आकडी (फिट), एकाचे दोन दिसणं किंवा आडवं होऊनही न थांबणारं दुखणं असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.