लांब पल्ल्यासाठी नवीन रायफल घेऊ की आहे तीच अपग्रेड करू?

तुम्ही विचारलंय की चिपळूणला राहून दोन वर्षं दहा मीटर एअर रायफल केली, आता ५० मीटर आणि जमलं तर ३०० मीटर करायचंय, हातात दीडेक लाख आहेत, तर आहे त्या रायफलला बॅरल आणि स्कोप बसवू की नवीनच घेऊ. मी रत्नागिरीजवळचा, अकरा वर्षं यात आहे आणि बरेच पैसे नको तिथे घालून बसलोय, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

एअर रायफल पन्नासला न्यायचं डोक्यातून काढा. मॅच एअर रायफलची पेलेट (छर्रा) सेकंदाला साधारण १७० मीटरने निघते, पन्नास मीटरला पोचेपर्यंत ती बॅरलच्या रेषेपासून अर्धा मीटर तरी खाली आलेली असते, शिवाय तिचं चपटं तोंड कागदाला स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी असतं, लांब जाण्यासाठी नाही, पंचवीस-तीस मीटरच्या पुढे ती भरकटायला लागते. बॅरल बदलून यात काही फरक पडत नाही.

म्हणजे पॉइंट टूटू, ०.२२ इंच बोअरची काडतुसाची रायफल घ्यायची. आणि इथे पहिला खर्च रायफलचा नाही, लायसन्सचा आणि चपलांचा. ४.५ मिमी आणि २० जूलच्या आतली एअरगन लायसन्सशिवाय चालते, पॉइंट टूटूला मात्र आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागतंच. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक काका असतो जो सांगतो, अरे आपल्या आजोबांची ठासणीची बंदूक आहे की, त्यावर काय शिकायचं ते शीक! ती वानर हाकलायला शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर घेतलेली, इलेक्शन आलं की पोलीस ठाण्यात जमा, तिचा आणि आपल्या खेळाचा काही संबंध नाही. लायसन्स होईपर्यंत क्लबच्या रायफलवर मारा. ५० मीटरची रेंज पुण्यात बालेवाडीला आहे, महिन्यातनं एकदा घाट चढून गेलात तरी खूप कळेल. ३०० मीटरचं सध्या राहू दे, ऑलिम्पिकमध्ये तो प्रकार १९७२ ला शेवटचा झाला आणि साध्या माणसाला तेवढी रेंज मिळणंच कठीण.

स्कोपचं तर अजिबात नको. या खेळात टेलिस्कोप चालतच नाही, मागे बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे रिंग, बस. आपला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुण मारून ब्राँझ आणलं त्याने, ते याच साइटवर. आणि पन्नासला दहा गुणांचं मधलं वर्तुळ केवढं, तर १०.४ मिमी, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

आता माझी फजिती सांगतो. मी सेकंडहँड मॅच रायफल घेतली, लाकडी स्टॉकची (दस्त्याची), देखणी एकदम. मे महिन्यात क्लॅम्पमध्ये लावून दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढले, म्हणजे भोकांचा पसारा मोजला, तर १७-१८ मिमी. मिरग लागला, पाऊस सुरू झाला आणि जुलैत तीच रायफल, त्याच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्या, ग्रुप थेट ३० च्या वर आणि झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागायचं सेटिंग, पण डावीकडे सरकलेला. मला वाटलं बॅरल गेलं. नवीन बॅरलची चौकशी केली, किंमत ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि पॉइंट टूटूला शिशाची मऊ गोळी असते, बॅरल इतक्या लवकर झिजत नाही हे तेव्हा मला कोणी सांगितलं पण नाही. शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्या काकांनी रायफल हातात घेतली, स्टॉक आणि बॅरलमधल्या फटीत दहाची कोरी नोट सरकवायला बघितली, ती अर्ध्यातच अडकली. मेमध्ये हीच नोट आरपार जायची. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, एका बाजूने बॅरलला टेकलं होतं, ॲक्शनच्या (बोल्ट-ट्रिगर असलेल्या लोखंडी भागाच्या) स्क्रूवरचा ताण पण बदलला होता. काकांनी आतून पॉलिश पेपर मारून फट मोकळी केली, लाकूड सील केलं, स्क्रूखाली ॲल्युमिनियमचे पिलर बसवले आणि मला टॉर्क रेंच (किती घट्ट आवळलं ते आकड्यात दाखवणारा पाना) घ्यायला लावला, स्क्रू दर वेळी एकाच आकड्याला. ग्रुप परत १८ वर. एकूण खर्च बॅरलच्या दहाव्या हिश्श्याचा पण नाही. म्हणून आपल्या हवेत घ्यायची असेल तर ॲल्युमिनियम स्टॉकची बघा, दिसायला इस्पितळातल्या कुबडीसारखी असते पण जुलैतही तशीच राहते.

दुसरे पैसे गोळ्यांवर. एकाच कंपनीच्या, एकाच डब्याच्या दिसणाऱ्या गोळ्या, फक्त लॉट नंबर वेगळा, तर एक तुमच्या बॅरलला सूट होते आणि दुसरी नाही. चार-पाच लॉटचे थोडे थोडे बॉक्स आणून क्लॅम्पमधून मारा, व्हर्नियरने भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा, त्यातनं गोळीची जाडी ५.६ मिमी वजा करा, जो लॉट जिंकेल तो परवडेल तेवढा भरून ठेवा. त्यानंतर बटप्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी) आणि गालाचा आधार, रायफल खांद्याला लावून डोळे मिटा, दहा सेकंदांनी उघडा, डोळा आपोआप भोकात आला पाहिजे, मान वाकवून शोधावा लागत असेल तर सेटिंग चुकलंय. ट्रिगर सगळ्यात शेवटी, आणि तो स्वतः खोलू नका.

वाऱ्याचं आपल्याला शाळेतच शिकवलंय, मतलई वारे आणि खारे वारे. सकाळी लवकर निवांत असतं, ऊन चढलं की समुद्रावरनं सुरू. आडवा ताशी १५-१६ किलोमीटरचा वारा असेल तर पन्नास मीटरला गोळी इंचभर बाजूला जाते, म्हणजे दहाचं वर्तुळ ओलांडून अडीच वर्तुळं पलीकडे. तिथे कुठलंही अपग्रेड कामाला येत नाही, सुताची दोरी बांधून ती बघत बसायला शिकावं लागतं.

आणि ती फोमची बॅग! पावसाळ्यात रायफल त्यात ठेवू नका, फोम ओल धरतो. मी एकदा गणपतीत पंधरा दिवस बॅग उघडली नाही, उघडली तर नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके. कपाटात उभी ठेवा, तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि पुड्या तव्यावर वाळवत जा.

दीड लाखात नवीन इंपोर्टेड मॅच रायफल येणार नाही, सेकंडहँडच बघावी लागेल, तीही शक्यतो लायसन्स असलेल्या डीलरकडून. बघायला जाल तेव्हा दहाची कोरी नोट खिशात असू द्या. आणि उंची किती तुमची, डावखुरे आहात का, हे खाली लिहा, त्यावर कुठला स्टॉक ते ठरतं.