घरी क्लिपरने पहिल्यांदा केस कापताना

आधी दाढीचा ट्रिमर बाजूला ठेवा. डोक्याच्या दाट केसांत तो अडखळतो, केस ओढतो. केस कापायचा क्लिपर घ्या, सोबत त्यावर बसवायचे वेगवेगळ्या मापांचे कंगवे. नंबरावरून केस किती लांब राहतील ते कळतं: सहसा 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6 आणि 4 म्हणजे साधारण 13.

सुरुवात 4 नंबरनेच करा. बहुतेक जण इथेच फसतात: व्हिडिओ पाहून थेट 1 लावतात आणि मग महिनाभर टोपी घालून ऐरोलीहून लोकल पकडतात. केस लांब राहिले तर पाच मिनिटांत कमी करता येतात. उलटं नाही.

- केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत. तेल लावलेलं तर नकोच.
- मशीन वाढीच्या उलट दिशेने, सावकाश. भोवऱ्यापाशी दिशा बदलते, तिथे सगळ्या बाजूंनी फिरवा.
- कंगवा घट्ट बसलाय का, दर वेळी बघा. मध्येच निसटला की डोक्यावर सरळ पट्टा!

मानेमागची रेषा पहिल्या खेपेला घरातल्या कुणाकडून तरी काढून घ्या. दोन आरशांत बघून जमतं, पण सवय होईपर्यंत हात भलतीकडेच जातो. फेडचं, म्हणजे खालून वर केस हळूहळू लांब होत जाणाऱ्या कटचं, नाव सध्या काढू नका.

शेवटी पातं ब्रशने झाडून मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्या. खोबरेल नाही हं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, पातं लवकर गंजतं, म्हणून मशीन बाथरूममध्ये ठेवू नका. आणि केस वर्तमानपत्रावर पाडा. मोरी तुंबली तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.