कोलंबी सोलणाऱ्या बायकांची युनियन आणि ठेकेदाराचा तो कागद

ताई, तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या कोलंबी सोलायच्या शेडमध्ये तुम्ही अकरा जणींनी युनियनच्या फॉर्मवर सह्या केल्या, लगेच ठेकेदाराने 'मी कुठल्याही युनियनची मेंबर होणार नाही' असा कागद पुढे केला, आणि ज्यांनी सही नाही केली त्यांना मे महिन्यात घरी बसवलं, वर सांगितलं काय तर आता मासेमारीची बंदी लागतेय, नारळी पौर्णिमेनंतर बोलावू. आणि मुलगा म्हणतो जिनिव्हाला आयएलओकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे, तक्रार करूया, तर करता येते का.

येते, पण ती पहिली पायरी नाही. तिच्या नादात इथली मुदत गेली तर मात्र फार मोठं नुकसान होईल, म्हणून आधी इथलं बोलूया.

महाराष्ट्रात 1971 चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू अशी धमकी देणं, शेड बंद करू म्हणून घाबरवणं, दुसऱ्यांना मेंबर व्हा सांगितलं म्हणून काढणं, हे सगळं त्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची आणि युनियन रजिस्टर झालेली नसली तरी कामगार स्वतः करू शकतो. मुदत फक्त 90 दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट तक्रार घेऊ शकतं पण त्या भरवशावर राहू नका. आता तुम्हीच हिशोब करा, मे मध्ये काम थांबलं, जून-जुलै मासेमारी बंदी, मग नारळी पौर्णिमा... 'नंतर बोलावू' म्हणण्यातली मेख हीच आहे.

आता अवघड भाग. ठेकेदार ज्या कंपनीसाठी कोलंबी सोलून घेतो ती कंपनी म्हणणार या बायका आमच्या नाहीतच, ठेकेदाराच्या आहेत. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या 2001 च्या दोन निकालांत सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मालक-कामगार नातंच वादात असेल तर या कायद्याखाली कंपनीविरुद्ध तक्रार चालत नाही, आधी ते नातं दुसरीकडे सिद्ध करून या. म्हणून तो कागद कोणाच्या लेटरहेडवर आहे ते मला कळलंच पाहिजे. कंपनीच्या असेल तर तुमच्या हातात चांगला पुरावा आहे, ठेकेदाराच्या असेल किंवा नुसता कोरा कागद असेल तर निदान ठेकेदाराचं नाव तरी तक्रारीत विरुद्ध पक्ष म्हणून घालायचंच, कारण तो तुमचा मालक नाही असं कोणीच म्हणत नाहीये. एखादीकडे कागदाचा फोटो असेल तर जपून ठेवा, किलोच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, गाडी न्यायला यायची त्याचे मेसेज, आणि तुम्हाला बसवल्यावर बाकीच्या बायकांना बोलावलेल्या व्हॉइस क्लिप्स, काही डिलीट करू नका. किलोवर पैसे मिळतात म्हणून तुम्ही कामगार नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कोणीतरी सांगेल की 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता हा केंद्राचा नवा कायदा आला, जुने कायदे गेले. 1926 चा ट्रेड युनियन कायदा गेला हे खरं, पण रद्द झालेल्या यादीत राज्याचा 1971 चा कायदा नाही. समोरचा वकील यावर वाद घालेल, घालू दे, अनुचित प्रथांची यादी नव्या संहितेतही आहेच. रजिस्ट्रेशनला अर्जावर किमान 7 मेंबर लागतात, शिवाय एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100 यातला कमी आकडा, म्हणजे शेडमध्ये शंभराच्या आत बायका असतील तर तुम्ही अकरा जणी पुरता.

आता जिनिव्हा. आयएलओचा करार क्रमांक 98, सन 1949 चा, युनियन सोडण्याच्या अटीवर काम देणं म्हणजे अगदी तुमच्या त्या कागदाचीच गोष्ट, तो पहिल्याच कलमात चूक ठरवतो. पण हा आणि 1948 चा 87 नंबरचा, संघटना काढायच्या स्वातंत्र्याचा, दोन्ही भारताने अजून मान्य केलेले नाहीत, 1919 पासून संस्थापक सदस्य असूनसुद्धा, आणि मला ही आपल्या देशाची मोठी उणीव वाटते. तरीही आयएलओची संघटना स्वातंत्र्य समिती, जी 1951 पासून आहे, ती करार न मानलेल्या देशाविरुद्धची तक्रारही घेते. फक्त ती तक्रार युनियनने करायची असते, एकट्या कामगाराने नाही, उत्तर सरकारला द्यावं लागतं ठेकेदाराला नाही, आणि शेवटी येते ती शिफारस. त्यातून तुम्हाला पुढच्या सीझनला काम मिळणार नाही. तुमची जाऊ आंब्याच्या बागेत मजुरी करते म्हणालात ना, तिच्यासाठी उलट आहे, शेतमजुरांच्या संघटनेचा 1921 चा करार भारताने 1923 मध्येच मान्य केलाय.

मुलाचं वाचन वाया नाही गेलं मात्र. 1979 मध्ये भारत संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात सामील झाला, त्याच्या 22 व्या कलमात युनियन काढायचा हक्क आहे, आपल्या घटनेत 19(1)(ग) आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या विशाखा निकालात 1997 ला सुप्रीम कोर्टाने आंतरराष्ट्रीय कराराच्या आधाराने देशातल्या कायद्यातली पोकळी भरलीय, त्यामुळे तक्रारीत हे मुद्दे मी घालेनच.

ज्यांनी घाबरून सही केली त्यांच्यावर रागावू नका, त्यांनाही सोबत घ्या, त्यांची साक्ष सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना कागदाचा फोटो, चिठ्ठ्या आणि प्रत्येकीच्या कामाचा शेवटचा दिवस तारखेसकट लिहून न्या, 90 दिवस तिथपासून मोजायचेत.