वाचकांचे प्रश्न : पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच का अडकतो?

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षांपूर्वी घेतलेली दीडशे सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटारसायकल आहे. यंदाच्या पावसाळ्यापासून टाकी पूर्ण भरली तरी पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच राहतो. गाडी खड्ड्यात आदळली की तो क्षणभर ‘फुल’कडे उडतो आणि पुन्हा खाली येतो. संपूर्ण मीटर बदलावे लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले आहे. हा खर्च टाळता येईल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : खड्ड्यात आदळल्यावर काटा ‘फुल’कडे जातो, हे निरीक्षण आपण आवर्जून कळवलेत ते फार बरे झाले. जो काटा क्षणभर का होईना वरपर्यंत पोहोचतो, त्याचे मीटर पूर्ण निकामी झालेले असण्याची शक्यता कमी आहे. माझा संशय टाकीतील फ्लोट युनिटवर किंवा त्याच्या वायरींवर आहे, आणि तो तपासून पाहिल्याशिवाय आपण मीटर बदलू नये.

टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो आणि तो पेट्रोलच्या पातळीबरोबर वर-खाली होतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाशी असलेली धातूची बारीक पत्ती रोधाच्या पट्टीवरून सरकते, त्यामुळे रोध बदलतो आणि त्यानुसार मीटरचा काटा हलतो. जे नेहमी दोनशे-तीनशे रुपयांचेच पेट्रोल भरतात, त्यांच्या गाडीत फ्लोट बहुतेक काळ टाकीच्या खालच्या भागातच फिरतो. पट्टीचा तेवढाच भाग घासला जातो आणि वरच्या भागावर मळ किंवा गंज साचू शकतो. असे झाले असेल तर टाकी भरल्यावर पत्तीला नीट संपर्क मिळत नाही, किंवा दांडीच मध्ये अडकते, आणि धक्का बसला की ती तेवढ्यापुरती सुटते.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. सीट काढून टाकीखालून येणाऱ्या, बहुधा दोनच वायरी असलेल्या, फ्लोटच्या वायरीचे कनेक्टर शोधावे. पावसाळ्यानंतर त्यात हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने तो स्वच्छ करून कनेक्टर पुन्हा घट्ट बसवावे. कित्येकदा काम एवढ्यावरच भागते. भागले नाही तर ते सोडवून किल्ली चालू करावी आणि काटा कुठे जातो ते पाहावे. मग मीटरकडे जाणाऱ्या बाजूच्या दोन्ही टोकांना वायरीच्या तुकड्याने क्षणभरच जोडावे. एका वेळी काटा एका टोकाला आणि दुसऱ्या वेळी विरुद्ध टोकाला गेला, तर मीटर आणि तिथपर्यंतच्या वायरी ठीक असून दोष फ्लोट युनिटमध्ये आहे. रिकाम्या टाकीला जास्त रोध की कमी, हे गाडीगणिक वेगळे असते, त्यामुळे काटा कोणत्या बाजूला गेला याला फारसे महत्त्व नाही. तो दोन्हीकडे गेला पाहिजे. काटा जागचा हललाच नाही, तर फ्यूज, अर्थची वायर आणि मग मीटर, या क्रमाने तपासावे. ही रीत काट्याच्या मीटरसाठी आहे. डिजिटल मीटरच्या गाडीत मात्र सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय वायरी जोडू नयेत.

दोष फ्लोट युनिटमध्येच निघाला तर टाकी उतरवावी लागते. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवून आणि पेट्रोल धातूच्या डब्यात काढून घेऊन करावे. आसपास देवाची समईसुद्धा पेटती नसावी. युनिट बाहेर काढल्यावर फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत द्रव खळखळत असेल तर फ्लोट फुटला आहे. मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी सावकाश वर-खाली केली असता आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तो तुटला तर पट्टी खराब आहे. मळ मऊ खोडरबराने काढता येतो, पॉलिशपेपर मात्र वापरू नये. युनिट परत बसवताना गॅस्केट नवेच लावावे आणि दांडी टाकीच्या भिंतीला घासत नाही ना, हे पाहावे.

नवे युनिट लागलेच तर नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत विचारून पाहावे. जुने युनिट मात्र बरोबर न्यावे. मीटर बदलण्याविषयीची माझी नाराजी केवळ खर्चापुरती नाही. नवीन मीटरवर गाडीचे खरे अंतर दिसत नाही, त्यामुळे पुढे गाडी विकताना घेणाऱ्याच्या मनात अकारण शंका येते. दुरुस्ती होईपर्यंत टाकी पूर्ण भरून ट्रिपमीटर शून्यावर आणावा आणि रिझर्व्ह लागेपर्यंतचे किलोमीटर लिहून ठेवावेत. ताम्हिणी घाटात वाटेवर पंप विरळ आहेत. तिकडे जाताना काट्यावर विसंबू नये.

प्रश्न : ई-२० पेट्रोलमुळे फ्लोट खराब होतो का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्री सुरू झालेल्या या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि टाकीत गंज धरू शकतो. म्हणून केवळ पेट्रोलला दोष देण्याआधी पाणी आत शिरण्याच्या वाटा पाहाव्यात. टाकीच्या झाकणाखालची पाणी निघून जाण्याची बारीक नळी मातीने तुंबली असेल, तर झाकणाभोवती साचलेले पावसाचे पाणी झाकण उघडताच आत जाते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ही नळी बारीक तारेने मोकळी करावी आणि झाकणाचे रबर कडक झाले असेल तर बदलावे. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये.