कॅनव्हासवरून सायकल नेणारा चित्रकार

प्रश्न : खूप वर्षांपूर्वी टीव्हीवर एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा अर्धवट बघितला होता. लंडनमधला एक क्लार्क नोकरी सोडून पॅरिसला जातो, चित्रकार होतो आणि रंग ओतलेल्या कॅनव्हासवरून चक्क सायकल चालवतो. नाव सांगाल का? आणि मॉडर्न आर्ट म्हणजे सगळी थापेबाजी, असंच त्यात म्हणायचंय का?
- एक वाचक, सांगली

उत्तर : हा 'द रेबेल', १९६१ चा. हिरो टोनी हॅनकॉक, लेखक गॅल्टन आणि सिम्प्सन ही त्याची नेहमीची जोडी. अमेरिकेत तो 'कॉल मी जीनियस' नावाने लागला होता, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

थापेबाजीचं म्हणाल तर मला अजिबात तसं वाटत नाही. हॅनकॉक लहान पोरांसारखी चित्रं काढतो पण बोलतो इतका ठासून की पॅरिसमधली पोरं त्याला गुरूच करून टाकतात, आणि त्याचा रूममेट पॉल, ज्याच्या हातात खरंच कला आहे, तो बिचारा खचून आपली चित्रं याच्याकडे सोडून लंडनला निघून जातो. मग एक बडा समीक्षक (जॉर्ज सँडर्स, काय रुबाब!) पॉलची चित्रं हॅनकॉकची समजून त्याला डोक्यावर घेतो. शेवटी पॉल हॅनकॉकच्याच बालिश स्टाइलमध्ये काढायला लागलेला असतो आणि तीही चित्रं समीक्षकाला आवडतात. स्टाइल तीच, हात दुसरा, आणि तिथेच सगळा फरक पडतो! सिनेमातली दोघांचीही चित्रं ॲलिस्टर ग्रँट या एकाच चित्रकाराने केलीयेत, हे माहीत असलं की बघायला अजून मजा येते.

खरी टर उडवलीय ती कळपाची. लंडनच्या ऑफिसात सगळे एकसारखे कपडे घालायचे, असं हॅनकॉक पॅरिसच्या पार्टीत सांगतो, ऐकणारी मुलगी हळहळते, आणि आपल्याला दिसतं की तिथली सगळी मंडळीही अगदी एकसारख्याच कपड्यात बसलीयेत. मला तर अख्ख्या सिनेमात हाच सीन सगळ्यात भारी वाटतो.

आणि हो, ती सायकल नुसती कल्पना नाहीये. १९५७ च्या सुमाराला विल्यम ग्रीन नावाचा तरुण चित्रकार लंडनमध्ये खरंच डांबर फासलेल्या बोर्डवरून सायकल चालवून चित्रं करायचा, त्याचं तेव्हाचं चित्रीकरणही आहे, सिनेमाच्या आधी ते जरूर बघा.